समजा, सगळेच बाहेर

आईच्या दोन बॅगा दाराशी उभ्या होत्या, तिसरी पलंगावर तोंड उघडून पडली होती आणि आई जिन्यापाशी कुंड्या वाटत होती.

"आई, गाडी येईल आता," मुलगी आतून ओरडली.

"येऊ दे. आपण काय पळून चाललोय का?"

कुंड्या घ्यायला वरच्या मजल्यावरचे मास्तर उतरले होते. शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेला हा माणूस कुठलीही सूचना दोनदा ऐकल्याशिवाय स्वीकारत नसे.

"ह्याला रोज पाणी नको," आई सांगत होती. "ह्याच्याकडे रोज नुसतं बघायचं."

"बघून काय होतं?"

"तुम्ही बघा तर. वर्गात नुसतं बघून पोरं गप्प बसवायचात ना? तसंच."

"पण किती वेळ बघायचं, वहिनी?"

स्टेशनला नेणारी गाडी सांगून ठेवली होती. मुलीला आईचा स्वभाव ठाऊक होता. मास्तर प्रश्न विचारत राहिले तर आई प्रत्येक पानाची ओळख करून देईल, आणि आगगाडी काही त्यासाठी थांबायची नाही. ती आईला दंडाला धरून आणायला म्हणून दोन पावले बाहेर आली. तिच्या मागे दार हळूच, कुणाला त्रास न देता सरकत गेले आणि क्लिक म्हणाले.

दोघींनी एकमेकींकडे पाहिले.

"किल्ली?" मुलगी म्हणाली.

"खुंटीला."

"माझा फोनही आतच आहे. आणि तिकिटं."

"बॅगाही," आई म्हणाली. तिच्या आवाजात म्हणावे तेवढे दुःख नव्हते, पण ते मुलीच्या लक्षात यायला अजून अवकाश होता.

दाराला आपोआप लागायची ही सवय वडिलांनी लावली होती. ते एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी कारखान्याऐवजी घर ताब्यात घेतले आणि घर पुरेना म्हणून इमारत. त्यांचे प्रत्येक वाक्य 'समजा'ने सुरू होई. समजा, लाइट गेली. समजा, नळ फुटला. समजा, दोन्ही एकदमच झालं. इमारतीतले लोक त्यांना समजासाहेब म्हणत, आधी पाठीमागे, मग तोंडावर. त्यांना ते नाव आवडायचे. त्यांची समजूत अशी की लोकांना आता कुठे समजू लागले आहे.

घरात टॉर्च होता, पण त्यातले सेल काढून ठेवलेले असत, कारण समजा, सेल आतल्या आत पाझरले तर टॉर्च बाद होईल. सेल एका घट्ट झाकणाच्या डब्यात होते. डबा माळ्यावर होता. लाइट गेली की डबा शोधायला टॉर्च लागे. आईने यावर कधी वाद घातला नाही. ती काडी ओढून मेणबत्ती लावायची आणि वडील म्हणायचे, "ही तात्पुरती व्यवस्था झाली."

लोक हसायचे, पण ते सांगतील तसे करायचे. त्यांचे म्हणणे पटायचे असे नाही. ते थकत नसत, हे त्याचे खरे कारण होते.

आग, पूर, भूकंप, चोरी आणि विजेचा झटका या सगळ्यांची त्यांनी तयारी केली होती. मग एका दुपारी खुर्चीत बसून चष्मा पुसता पुसता ते गेले. चष्मा पुसून झाला होता, डोळ्यांवर चढवायचा राहिला होता.

त्यानंतर मुलगी जेव्हा जेव्हा येई तेव्हा एकच विषय काढी. आईने आता एकटे राहू नये. आई प्रत्येक वेळी "बघू" म्हणायची. आई 'बघू' म्हणाली की त्याचा अर्थ 'नाही' असा असतो हे त्या घरात सगळ्यांना पाठ होते. या खेपेला मात्र मुलगी म्हणाली, "समजा, तू घरात एकटी आहेस आणि पाय घसरून पडलीस," आणि आई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरं, येते." मुलीला वाटले, एकदाचे पटले. तिने त्याच दिवशी तिकिटे काढली.

"शिवणताईंकडे आहे ना आपली जादा किल्ली?" मुलीने विचारले.

"असायला हवी. ह्यांनी दिलीय म्हणजे असणारच. सापडायला हवी."

किल्ल्यांची ती व्यवस्था म्हणजे समजासाहेबांचा सर्वांत अभिमानाचा विषय होता. इमारतीत चारच घरे. खाली समजासाहेब आणि त्यांच्या समोर दातांचे डॉक्टर, ज्यांचा दवाखानाही घरातच. वर शिवणताई आणि मास्तर. सर्वांच्या दारांना त्यांनी एकाच जातीचे, आपोआप लागणारे कुलूप बसवायला लावले होते. त्यांचे म्हणणे असे की दोन शेजाऱ्यांनी एकमेकांकडे किल्ली ठेवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. समजा, दोघेही एकदमच बाहेर अडकले तर? म्हणून त्यांनी साखळी केली. समजासाहेबांची किल्ली शिवणताईंकडे, शिवणताईंची मास्तरांकडे, मास्तरांची डॉक्टरांकडे आणि डॉक्टरांची समजासाहेबांकडे.

मास्तरांनी ती साखळी कागदावर तपासून दिली होती. चौघांपैकी एक जरी घरात असला तरी बाकीचे तिघे आपापल्या घरात जाऊ शकतात, असे त्यांनी सिद्ध केले. मग सवयीने त्यांनी विचारले होते, "आणि चौघंही बाहेर असले तर?"

समजासाहेब खो खो हसले होते. "मास्तर, चौघांनाही एकदम बाहेर पडायला काय आग लागलीय का?"

आयुष्यात त्या एकाच वेळी त्यांनी पुढचे 'समजा' म्हटले नव्हते.

तिघेही वर गेले. शिवणताई मशीनवर होत्या. तोंडात टाचण्या असल्यामुळे त्यांनी आधी डोळ्यांनीच स्वागत केले.

"ताई, आमची किल्ली," मुलगी म्हणाली.

ताईंनी टाचण्या काढल्या. "आहे की. अगदी सुरक्षित आहे. साहेब म्हणाले होते, समजा, चोर शिरला तर त्यालाही मिळता कामा नये."

"कुठं ठेवलीय?"

"शिवून ठेवलीय."

"कशात?"

"पडद्यात. खालच्या दुमडीत. पडदा वाऱ्यानं उडायचा, म्हटलं तेवढंच वजन होईल."

"कुठल्या पडद्यात?"

ताई शिवणकाम करणाऱ्या होत्या. घरात जिथे खिडकी होती तिथे पडदा होता, जिथे खिडकी नव्हती तिथे खिडकी असल्यासारखा पडदा होता, आणि गिऱ्हाइकांचे शिवून झालेले पडदे कपाटावर थप्पी लावून ठेवलेले होते. मुलगी गुडघ्यांवर बसली आणि पहिल्या पडद्याची दुमड चाचपू लागली. मास्तर दुसऱ्या टोकाकडून निघाले. ताई मधूनच "तो नाही, तो नंतरचा" असे म्हणत होत्या. आई खुर्चीवर बसून पंख्याखाली पदराने वारा घेत होती.

"आई, तू पण बघ ना!"

"बघतेय की. तुम्ही चांगलं शोधताय."

तेवढ्यात खालून ठो असा आवाज आला.

मास्तरांच्या हातातला पडदा सुटला. "बार?"

पुन्हा ठो. मग लागोपाठ दोनदा. खालून डॉक्टरांचा आवाज आला, "कोण आहे? काय फुटलं?"

आई ताडकन उभी राहिली. "अगं बाई! अंडी!"

"कसली अंडी?"

"तुझ्यासाठी. प्रवासात खायला. गॅसवर ठेवली होती उकडत. पाणी आटलं वाटतं."

मुलगी काही बोलणार तोच समजासाहेबांनी स्वयंपाकघरात बसवलेला धुराचा भोंगा सुरू झाला. त्याला जोडलेली घंटा जिन्यातही होती, कारण समजा, घरात ऐकायलाच कुणी नसले तर? तो आवाज ऐकून दाताखाली बर्फ चावल्यासारखे सगळ्यांचे चेहरे झाले.

आता इथे समजासाहेबांच्या कवायतीबद्दल सांगायला हवे. ते अधूनमधून शिट्टी घेऊन अंगणात उभे राहत आणि घंटा वाजवत. घंटा झाली की हातातले काम तिथेच सोडायचे. सोबत काही घ्यायचे नाही. धूर पसरू नये म्हणून दार मागे ओढून घ्यायचे. पळायचे नाही, जिन्याचा कठडा धरून उतरायचे आणि अंगणात त्यांनी रंगवलेल्या पिवळ्या वर्तुळात येऊन उभे राहायचे. त्यांच्या हयातीत ही कवायत एकदाही बिनचूक झाली नाही. मास्तर छत्री घेऊन यायचे. ताई अर्धवट शिवलेले काहीतरी काखेत मारून यायच्या. डॉक्टर "एवढी एक दाढ काढतो आणि येतो" म्हणायचे. समजासाहेब घड्याळ बघून मान हलवायचे आणि म्हणायचे, "सगळे मेलात. पुन्हा वर जा."

आज ते नव्हते. कदाचित म्हणूनच सगळ्यांना त्यांचा शब्द न् शब्द आठवला.

ताईंनी पडदा टाकला, कात्री टाकली, मशीनचे बटण बंद केले. मास्तरांनी स्वतःच्या उघड्या दाराकडे पाहिले, आत ठेवलेल्या छत्रीचा मोह आवरला आणि दार ओढून घेतले. क्लिक. मुलगी अजून पडद्याखाली होती. ताईंनी तिला हाताला धरून बाहेर काढले.

"ताई, थांबा, किल्ली..."

"वस्तूसाठी मागं वळायचं नाही. साहेबांनी काय सांगितलंय?"

"अहो, पण दार तरी..."

क्लिक.

खाली डॉक्टर आपल्या पेशंटला घेऊन बाहेर पडत होते. पेशंटच्या गळ्यात निळे कापड होते आणि गालात एवढा कापूस कोंबलेला होता की त्याला काय वाटते आहे हे फक्त भुवयांवरून कळत होते. डॉक्टरांनी मोठ्या शिस्तीत त्याला पुढे घातले आणि मागे दार ओढून घेतले.

तिसरे क्लिक झाले तेव्हा मुलगी जिन्याच्या मधल्या पायरीवर होती. तिने डोळे मिटले.

सगळे पिवळ्या वर्तुळात उभे राहिले. कुणाच्या हातात काही नव्हते. कुणी धावले नव्हते, कुणी मागे राहिले नव्हते. डॉक्टरांनी तर पेशंटलाही वर्तुळाच्या बरोबर आत ओढून घेतले, त्याचा एक पाय बाहेर होता म्हणून. मग सगळ्यांनी नकळत एकाच दिशेने पाहिले. टाकीशेजारच्या ज्या फरशीवर समजासाहेब शिट्टी घेऊन उभे राहत, त्या फरशीकडे. आज त्यांना नाव ठेवायला जागा सापडली नसती.

बराच वेळ कुणी हलले नाही. कारण कवायत संपली हे सांगायचे काम त्यांचे होते, आणि ते दुसऱ्या कुणाला सोपवायचे राहून गेले होते.

"फायर ब्रिगेडला फोन करा," शेवटी डॉक्टर म्हणाले.

सगळ्यांनी खिसे चाचपले. फोन ही वस्तू होती. वस्तू घ्यायची नव्हती.

"तुमच्याकडे?" मुलीने पेशंटला विचारले.

पेशंटने डॉक्टरांच्या बंद दाराकडे बोट दाखवले आणि भुवया अशा काही केल्या की डॉक्टरांनी दुसरीकडे पाहिले.

"जरा शांतपणे विचार करू," मास्तर म्हणाले. फळ्यासमोर उभे असल्यासारखे त्यांनी हात मागे बांधले. "वहिनींची किल्ली ताईंच्या घरात. ताईंचं घर बंद. त्यांची किल्ली माझ्या घरात. माझं घर बंद. माझी किल्ली डॉक्टरांच्या घरात."

"तेही बंद," डॉक्टर म्हणाले.

"आणि डॉक्टरांची किल्ली..."

सगळ्यांनी वहिनींच्या घराकडे पाहिले. स्वयंपाकघराच्या वरच्या झडपेतून धुराची बारीक रेघ निघत होती.

"म्हणजे साखळी अगदी पूर्ण आहे," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा आदरही होता. "मी त्यांना विचारलं होतं, बरं का. हेच विचारलं होतं."

"ताई, आपण शोधत होतो ना हो!" मुलीचा आवाज चढला. "हातात होता पडदा! किल्ली सापडेपर्यंत नाही का थांबता आलं?"

"अगं, पण किल्ली ही वस्तूच ना?"

मुलीने कपाळाला हात लावला. तिने आईकडे पाहिले. आई त्या रिकाम्या फरशीकडे बघत होती. मग तिने पदर खोचला, सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली आणि वडील म्हणत त्याच सुरात, पण आपल्या आवाजात म्हणाली, "चला, सगळे जिवंत आहात. सुटा आता."

वर्तुळ सैल झाले. कुणीतरी श्वास सोडला. आई मात्र इमारतीच्या मागच्या बाजूला चालू लागली होती.

"आई! कुठं निघालीस? तिकडं जाळी आहे!"

मागच्या गॅलरीला वडिलांनी लोखंडी जाळी बसवली होती आणि तिला आतून कडीचे छोटे दार होते. मुलगी धावत मागे पोहोचली तोवर आईने धुण्याची बादली उलटी घालून तिच्यावर पाय दिला होता. एक पाय कठड्यावर, एक हात जाळीवर. सदुसष्ट वर्षांच्या बाईने बादलीवर चढताना दिसावे तशी ती मुळीच दिसत नव्हती. ती रोजच्या कामाला निघाल्यासारखी दिसत होती.

"उतर! पडशील! समजा, बादली..."

"गप. आधी वर उचलायचं," आई स्वतःशीच बोलत होती. "मग डावीकडं दाबायचं. आणि मग असं." तिने कमरेचा एक धक्का दिला. जाळीचे दार कुरकुरले आणि उघडले.

मुलगी आ वासून बघत राहिली. "हे कधीपासून असं आहे?"

"बसवलं त्याच वर्षापासून. कडी धरतच नाही ती."

"आणि बाबांना माहीत नव्हतं?"

"वेडी का काय! त्यांना कळलं असतं तर त्यांनी दुरुस्त केली असती." आई आत उतरली. "मी सारखी किल्ली विसरायचे. दूध आणायला गेले की विसरले. हे घरी यायच्या आत मागून आत. मग हे विचारायचे, किल्ली घेतली होतीस ना? मी म्हणायचे, हो तर."

"मग मगाशीच का नाही सांगितलंस? आम्ही वर पडदे चाचपत बसलो होतो!"

"तुला घाई होती," आई म्हणाली. "मला नव्हती."

तिने जाळीचे दार आतून ओढून घेतले. "धूर आहे, तू नको येऊस. पुढून ये."

गॅस बंद झाल्याचा आवाज आला. खिडक्या उघडल्या. भोंग्याने एक वेडीवाकडी किंकाळी मारली आणि तो एकदम गप्प झाला, म्हणजे त्याला झाडूचा दांडा बसला असावा. मग जाळीतून आईचा हात बाहेर आला. त्यात डॉक्टरांची किल्ली होती.

पुढचे सगळे मास्तरांनी कागदावर सिद्ध केल्याप्रमाणे झाले. डॉक्टरांनी आपले दार उघडले, पेशंट त्यांच्या आधी आत शिरला. डॉक्टरांनी मास्तरांची किल्ली आणून दिली. मास्तर वर गेले, त्यांनी ताईंची किल्ली काढली आणि ताई घरात गेल्या. एकामागून एक दारे उघडल्याचे आवाज येत होते. मुलगी पुढच्या दाराशी येऊन उभी राहिली.

ते एकच दार उघडेना.

"आई?"

"हं."

आवाज अगदी जवळून आला. आई दाराच्या पलीकडेच उभी होती.

"उघड ना."

"तुझी गाडी किती वाजता आहे गं?"

"आपली. आपली गाडी आहे, आई. आणि आत्ता निघालो तर मिळेल."

"हो ना. म्हणूनच जरा थांबलेय."

मुलीला क्षणभर कळले नाही. कळले तेव्हा तिने दारावर थाप मारली. "आई, हा काय पोरकटपणा! आज काय झालं ते बघितलंस ना? गॅस चालू ठेवून तू कुंड्या वाटत बसलीस. घर पेटलं असतं!"

"नाही पेटलं. अंडी गेली. आणि कुणी विझवलं?"

"समजा, पुढच्या वेळी..."

"तसं बोलू नको गं," आई म्हणाली. "दाराआडून ऐकलं की अगदी ह्यांच्यासारखं वाटतं."

मुलीने हात खाली घेतला. जिन्यात जळक्या अंड्यांचा वास भरला होता. वर ताईंच्या पावलांचा आवाज येत होता, या खिडकीकडून त्या खिडकीकडे.

"त्या दिवशी मी येते म्हणाले ना," आतून आई म्हणाली, "ते मला पटलं म्हणून नाही."

"मग?"

"किती दिवसांनी घरात कुणीतरी 'समजा' म्हणालं होतं. मला नाही म्हणवेना."

मुलगी पायरीवर बसली. दाराला पाठ टेकवली. पलीकडेही काहीतरी टेकल्याचे तिला जाणवले.

"आई, माझ्याकडे फोन वाजला ना की मला आधी तूच आठवतेस. कुणाचाही फोन असू दे. मीटिंगमध्ये असले तरी. उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. भीती वाटते मला."

"मलाही वाटते की."

"मग चल ना."

"अगं, पण माझी भीती इथली आहे. तिला कुठली खुर्ची रिकामी आहे ते माहीत आहे. तिला तुझ्या घरी नेलं तर बिचारीला करमायचं नाही," आई म्हणाली. "ह्यांनी जन्मभर मला सगळ्यातून वाचवलं. त्यामुळं मला काय काय येतं ते मलाच बघायचं राहिलंय. बघू दे ना जरा."

हे 'बघू' नेहमीच्या 'बघू'सारखे नव्हते. मुलीने त्याचा अर्थ लावायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

ताई धापा टाकत खाली आल्या. त्यांच्या एका हातात कात्री होती आणि दुसऱ्यात किल्ली, जिला अजून पडद्याचे निळे दोरे चिकटलेले होते. "सापडली! न्हाणीघराच्या पडद्यात होती. घे, आता उघड."

मुलीने किल्ली घेतली. आतून काहीच आवाज आला नाही. आईने ऐकले होते, आणि आता तीही थांबली होती.

"थँक्यू, ताई," मुलगी म्हणाली आणि बसून राहिली.

ताईंनी तिच्याकडे पाहिले, दाराकडे पाहिले, आणि ज्या शहाणपणाने बायका कधी कधी एक अक्षर न विचारता निघून जातात त्या शहाणपणाने त्या वर निघून गेल्या.

बाहेर हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मग ड्रायव्हर स्वतः आत आला. पायरीवर बसलेल्या बाईला बघून तो थबकला.

"मॅडम, स्टेशन ना? फोन लावतोय कधीचा. चला, उशीर होतोय. सामान कुठं आहे?"

"आत."

"मग काढा की."

"दार लागलंय."

ड्रायव्हरने वाकून पाहिले. "किल्ली तर हातात आहे तुमच्या."

मुलीने हातातल्या किल्लीकडे पाहिले. "ही अडीअडचणीला ठेवलेली आहे."

"मग ही अडचण नाही का?"

मुलीने खरोखरच विचार केला. "नाही," ती म्हणाली. "तसं नाही वाटत."

"दादा, तुम्ही निघा," दाराआडून आवाज आला. "तुम्हाला उगाच फेरा पडला. पाणी देऊ का प्यायला?"

ड्रायव्हर दचकून एक पाऊल मागे सरला. "आत कोण आहे?"

"जिचं घर आहे ती," मुलगी म्हणाली.

तो काहीतरी पुटपुटत निघून गेला. गाडी सुरू झाली, वळली आणि तिचा आवाज रस्त्याच्या आवाजात मिसळून गेला. मग कुलूप फिरले. दारात आई उभी होती, हातात झाडू, केसांत काजळी, आणि खांद्यावर अंड्याच्या पिवळ्याचा एक वाळलेला तुकडा.

मुलगी उठली. दोघींनी एकमेकींकडे पाहिले. हसू नेमके कुणाला आधी फुटले ते सांगता आले नसते, आणि ते नंतर दुसऱ्याच कशाकडे वळले, तेव्हा दोघींनीही ते धुरामुळे होते असेच धरले.

"ये आत," आई नाक पुसत म्हणाली. "जपून, सगळीकडं टरफलं आहेत. भिंती मी पुसल्या. पण छतालाही उडालीत, आणि तिथं माझा हात पोचत नाही. ह्यांचा पोचायचा."

"स्टूल कुठं आहे?"

आईने तिला पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळले आणि ओला फडका तिच्या हातात दिला.

"तुला कशाला लागतंय स्टूल."